बेडरूमचे बारकावे: कशाच्या आधी काय करायचं, आणि मापं कुठून घ्यायची

बेडरूम नव्याने लावायला घेतली की बहुतेक जण दारात उभे राहून विचार करतात. पलंग कसा दिसेल, भिंत कोणत्या रंगाची, पडदे कसे. पण त्या खोलीत आपण उभे असतो किती वेळ? तिथला बहुतेक वेळ आडवं होऊन किंवा टेकून बसून जातो, आणि त्यातलाही बराचसा अंधारात. म्हणून या खोलीतल्या प्रत्येक लहान निर्णयाला दोनच कसोट्या लावायच्या: उशीवर डोकं ठेवल्यावर काय दिसतं, आणि दिवा नसताना हाताला काय लागतं. खालची सगळी मापं याच दोन कसोट्यांवरून काढलेली आहेत.

## १. आधी आडवे व्हा, मग यादी करा

काहीही विकत घेण्याआधी पलंगावर झोपून खोली बघा. एकदा सकाळी, एकदा रात्री दिवे लावून, एकदा सगळे दिवे बंद करून. दारातून कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसतील: शेडच्या खालून थेट डोळ्यांत येणारा उघडा बल्ब, कपाटाच्या माथ्यावरची अडगळ, छतावरची बारीक चीर, पडद्याच्या वरच्या फटीतून येणारा उजेड, कुठल्या तरी यंत्राचा निळा ठिपका. दोघं झोपत असाल तर दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला न खुपणारा दिवा दुसऱ्या बाजूला नेमका डोळ्यांवर येतो.

मग अंधारात उठून दारापर्यंत जा. स्विच सापडायला किती चाचपडावं लागलं आणि पाय कशाला लागला, ते लिहून ठेवा.

तीन मापं याच वेळी घ्या, पुढे सगळीकडे लागतात:

- गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून किती उंच आहे. साधारण ५० ते ६० सेंमी भरतो. पलंगाची चौकट मोजू नका, गादी धरून मोजा.
- टेकून बसल्यावर डोळ्यांची उंची. बहुतेकांची ११५ ते १३० सेंमीच्या मध्ये येते.
- आडवं असताना, न उठता हात भिंतीवर कुठपर्यंत पोचतो.

गादी बदलायची असेल तर ती आधी आणा आणि मगच मोजा. १५ सेंमीच्या जागी २५ सेंमीची गादी आली की साइड टेबल, स्विच, दिवे, हेडबोर्ड सगळ्यांची उंची चुकते.

## २. हाताशी काय लागेल

- मेझर टेप, पेन्सिल, पाणसळ
- २५ मिमी रुंद मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं
- ड्रिल, भिंतीत घालायचे प्लास्टिकचे प्लग आणि त्यांना बसणारे स्क्रू
- टॉर्च (भिंत तपासायला, पुढे सांगितलं आहे)
- हेडबोर्ड घरी करणार असाल तर स्टेपल गन
- फेल्टचे चिकट तुकडे, पारदर्शक रबरी ठिपके
- खोलीचा कागदावरचा आराखडा: खिडकी, दार, सध्याचे स्विच आणि प्लग पॉइंट मापांसह

भिंतीला भोक पाडताना एक नियम पाळा. स्विच किंवा प्लग पॉइंटच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या रेषेत ड्रिल लावायचं नाही, कारण भिंतीतल्या तारा साधारण त्याच रेषांमधून नेलेल्या असतात.

## ३. कामाचा क्रम

वायरिंग, मग भिंतीची डागडुजी, रंग, पडद्याचा रॉड, हेडबोर्ड, भिंतीवरचे दिवे, साइड टेबल, गालिचा, अंथरूण आणि सगळ्यात शेवटी चित्रं. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात: रंग झाल्यावर टू-वे स्विच (एकच दिवा दोन जागांहून चालवणारा) आठवला तर भिंत पुन्हा फोडावी लागते. हेडबोर्डची रुंदीही वायरिंगच्या आधी कागदावर ठरलेली हवी, नाहीतर प्लग पॉइंट बरोबर हेडबोर्डच्या मागे जाऊन बसतो.

## ४. उजेड: सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो

छताच्या मधोमध एक दिवा आणि त्यावरच सगळा कारभार, ही बेडरूमची सर्वात सामान्य अडचण. उभ्या माणसाला तो दिवा चालतो. झोपलेल्याच्या मात्र तो थेट डोळ्यांवर असतो. तो काढून टाकायची गरज नाही, चादर बदलायला आणि हरवलेलं शोधायला तो लागतोच. रोजच्या संध्याकाळी त्याच्याशिवाय भागलं पाहिजे, एवढंच.

बल्बचा रंग. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. बेडरूमसाठी २७०० केल्विन घ्या, फार तर ३०००. ४००० ला कार्यालयाचा भास होतो आणि ६५०० चा निळसर पांढरा उजेड निजायच्या खोलीत नकोच. डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. खोलीतले सगळे बल्ब एकाच केल्विनचे ठेवा. एका साइड टेबलवर पिवळा आणि दुसऱ्यावर पांढरा बल्ब असेल तर बाकी कितीही महाग सामान आणलं तरी खोली अर्धवट वाटते. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा, आकडाही बघा. तो ९० किंवा जास्त असेल तर लाकूड, कापड आणि माणसाची त्वचा मेल्यासारखी दिसत नाही.

किती उजेड. १० ते १२ चौरस मीटरच्या खोलीला सगळे दिवे मिळून १२०० ते १५०० ल्युमेन पुरतात. उशाशी वाचायला एका बाजूला ४०० ते ४५० ल्युमेन. वॅटवर जाऊ नका, एलईडीत वॅटवरून उजेडाचा नेमका अंदाज येत नाही.

उशाशी भिंतीवरचा दिवा. शेडची खालची कड टेकून बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, म्हणजे जमिनीपासून साधारण ११५ ते १३० सेंमी. वर गेली की बल्ब दिसतो, फार खाली आली की पुस्तकावर उजेड पडत नाही. गादीच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला १५ ते २० सेंमीवर दिवा घ्या, नाहीतर कूस बदलताना कोपर लागतं. वायर काढण्याआधी कागदाचा शेड कापून टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन रात्री बघा.

टू-वे स्विच. छताचा दिवा दारापाशी लागावा आणि पलंगावरून विझावा. यासाठी दोन्ही जागी तीन टोकांचे टू-वे स्विच आणि त्यांच्यामध्ये जादा तारा लागतात. दार आणि पलंगाच्या दोन्ही बाजू अशा तीन ठिकाणांहून चालवायचा असेल तर मधल्या जागी इंटरमिजिएट स्विच हवा. इलेक्ट्रिशियनला हे भिंत फोडण्याआधी सांगा. पलंगाजवळचा स्विच गादीच्या वर १५ ते २० सेंमीवर, आडव्या हाताच्या पोचीत. त्यावर इंडिकेटरचा दिवा नको, तो रात्रभर चेहऱ्याजवळ लुकलुकतो.

टू-वे वायरिंगनंतर पुष्कळदा एक तक्रार येते: स्विच बंद, तरी एलईडी बल्ब अंधुक चमकत राहतो. बल्ब खराब नसतो. लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या तारांमधून किंवा इंडिकेटरच्या स्विचमधून अगदी थोडा प्रवाह झिरपतो, आणि एलईडीला तेवढाही पुरतो. इंडिकेटरचा स्विच बदला. तेवढ्याने गेलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून दिव्याला समांतर छोटा बायपास कपॅसिटर लावून घ्या.

डिमर. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवाच, पण इथे तीन चुका होतात. पहिली, ‘डिमेबल’ न लिहिलेला एलईडी डिमरला लावणं. तो लुकलुकतो आणि लवकर जातो. दुसरी, जुन्या पद्धतीचा डिमर वापरणं. असल्या डिमरला चालायला सहसा ४० ते ६० वॅटचा भार लागतो, आणि तुमचे तीन एलईडी मिळून २१ वॅट भरतात. मग गुणगुण ऐकू येते. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर मागा. तिसरी, पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडणं. ते करूच नका. शिवाय एलईडी मंद केला तरी त्याचा रंग पूर्वीच्या तारेच्या बल्बसारखा तांबूस होत नाही. तो परिणाम हवा असेल तर ‘डिम टू वॉर्म’ लिहिलेला बल्ब घ्यावा लागतो.

पट्टीचे दिवे. हेडबोर्डच्या मागून पसरणारा उजेड छान दिसतो, पण पट्टी नव्हे, फक्त तिचा उजेड दिसला तर. वरच्या कडेपासून ५ ते ८ सेंमी खाली, मागच्या बाजूला लावा आणि हेडबोर्ड भिंतीपासून ४ ते ५ सेंमी सुटा ठेवा. भिंत चकचकीत रंगाची असेल तर तीत दिव्यांचे ठिपके उमटतात. मॅट भिंत, मीटरला किमान १२० दिव्यांची किंवा सीओबी (दिवे सुटे न दिसता सलग उजळणारी) पट्टी आणि वर दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची पन्हळ असली की ठिपके जातात. १२ व्होल्टची पट्टी एका टोकाने वीज देऊन ५ मीटरपेक्षा लांब नेली तर दुसरं टोक फिकं पडतं. ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) २० टक्के मोठा घ्या: मीटरला १० वॅटप्रमाणे ३ मीटर पट्टी म्हणजे ३० वॅट, ड्रायव्हर ३६ ते ४०चा. तो प्लायच्या मागे कायमचा बंद करू नका. बिघडतो तोच, आणि हवा न मिळाल्यास लवकर बिघडतो.

रात्रीचा दिवा. जमिनीपासून २० ते ३० सेंमीवर, १ वॅटच्या आसपास, तांबूस पिवळा, हालचालीने लागणारा. सेन्सर पलंगाकडे तोंड करून लावू नका, नाहीतर कूस बदलली की दिवा लागेल. पलंगाच्या खालच्या कडेला आतून बसवला तर पाय टाकल्याबरोबर फरशी उजळते.

पंखा असेल तर आणखी एक. छतातले दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर आले की पाती उजेड कापत राहतात आणि अख्खी खोली थरथरते. १२० सेंमीच्या पंख्याच्या मध्यापासून किमान ९० सेंमी लांब दिवे घ्या.

## ५. पडदे: कापडापेक्षा शिलाईचं गणित महत्त्वाचं

साधं सुती कापड भरपूर घेराने आणि नेमक्या उंचीला शिवलं तर ते महाग पण तोकड्या पडद्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २५ सेंमी जास्त घ्या. पडदा उघडल्यावर त्याचा गठ्ठा काचेवर न येता भिंतीवर बसतो आणि खिडकी मोठी वाटते. उंचीला चौकटीच्या किमान १५ सेंमी वर, जमल्यास थेट छताला ट्रॅक. झोपलेल्या माणसाची नजर वरच असते, त्यामुळे बाजूच्या फटीपेक्षा वरच्या फटीतला सकाळचा उजेड जास्त खुपतो. बाजूच्या फटीसाठी ट्रॅकच्या टोकाचा शेवटचा हूक भिंतीत बसवा, म्हणजे पडदा भिंतीकडे वळून फट झाकतो. रॉड १८० सेंमीच्या वर असेल तर मधे एक आधार द्या, नाहीतर वर्षभरात झोल येतो.

कापडाचा हिशेब असा. खिडकी १५० सेंमी, रॉड १९०. दुप्पट घेर, म्हणजे ३८० सेंमी रुंद कापड. कापडाचा पन्हा (रुंदी) १३७ सेंमी धरला तर तीन पन्हे लागतात: ४११. त्यातले २० ते २५ कडांच्या मुडपीत आणि जोडात गेले तरी ३८५च्या आसपास हाती राहतात. प्रत्येक बाजूला दीड पन्हा येईल. अर्धा तुकडा भिंतीच्या बाजूला टाकायला सांगा, खिडकीच्या मधे जोड नको. लांबी २४० हवी असेल तर वर १५ आणि खालच्या दुहेरी मुडपीला २० मिळवून २७५. तीन पन्ह्यांचे ८.२५ मीटर. कापडावर मोठी नक्षी असेल तर प्रत्येक तुकडा नक्षीच्या पूर्ण पटीत कापावा लागतो. नक्षी ६० सेंमीने परत येत असेल तर २७५ चे ३०० होतात आणि कापड ९ मीटर. हा फरक दुकानात उभं राहून आठवत नाही, घरूनच लिहून न्या.

लांबी रॉड बसल्यावरच मोजा आणि तीन ठिकाणी मोजा, कारण फरशी क्वचितच अगदी सपाट असते. सगळ्यात कमी मापातून १ सेंमी वजा करा, ती पडद्याची तयार लांबी. जमिनीच्या १० सेंमी वर लोंबणारा पडदा कायम आटल्यासारखा दिसतो. आणि सुती कापड खरोखरच आटतं: ३ ते ५ टक्के, म्हणजे २४० सेंमीवर ७ ते १२ सेंमी. शिवायच्या आधी कापड आणि अस्तर दोन्ही धुऊन घ्या.

आयलेटचा (वरच्या कडेला रॉडसाठी गोल रिंगा बसवलेला) पडदा करत असाल तर प्रत्येक भागात आयलेटची संख्या सम ठेवा. विषम झाली की एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. आयलेटचं भोक रॉडच्या जाडीपेक्षा किमान १ सेंमी मोठं हवं, नाहीतर पडदा अडकत सरकतो.

पूर्ण अंधार हवा असेल तर ब्लॅकआउट अस्तर लावा, पण ते पडद्याला पूर्ण शिवू नका. वर जोडून खाली सुटं ठेवलं की पडदा नीट पडतो. अशा कापडात शिलाईच्या सुईची भोकं सकाळी चांदण्यांसारखी चमकतात, म्हणून अस्तरात मधे उभा जोड येणार नाही एवढा पन्हा शोधा. आतून पातळ पडदा आणि बाहेरून जाड अशी दुहेरी सोय करता आली तर उत्तम. दिवसाचा उजेड गाळून येतो आणि जाड पडदा दिवसा पूर्ण बाजूला राहू शकतो.

## ६. डोक्यामागची भिंत

रंग निवडताना भिंतीवर लहान ठिपके लावून ठरवू नका. आजूबाजूच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो. ए-४ मापाच्या जाड कागदावर दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडू नका, आणि तो कागद प्रत्यक्ष जागी टेकवून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री *तुम्ही निवडलेल्या बल्बच्या* उजेडात बघा. बेडरूमचा रंग रात्रीच्या परीक्षेत पास झाला पाहिजे. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली छान दिसलेला राखाडी २७०० केल्विनखाली मातकट होऊ शकतो.

भिंतीला समांतर उजेड टाकणारे दिवे लावणार असाल तर रंगाच्या आधी टॉर्चची चाचणी करा. खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवा आणि झोत भिंतीवरून सरकवा. पुट्टीचे उंचवटे, पॉलिश पेपरचे ओरखडे, जुन्या भोकांचे खड्डे सगळं उठून दिसेल. पेन्सिलने खुणा करून रंगाऱ्याला तेव्हाच दाखवा. रंग झाल्यावर दाखवून काही होत नाही. फिनिश मॅट घ्या, मात्र धुता येईल असा. उशामागच्या भिंतीला डोकी आणि हात लागणारच.

पूर्ण भिंत रंगवायची नसेल तर पलंगामागे रंगाचा एक पट्टा सुंदर दिसतो. त्याची वरची कड साधारण १२० ते १४० सेंमीवर घ्या, पण भिंतीच्या बरोबर मध्यावर नको. त्याने खोली दोन तुकड्यांची वाटते. धारदार कडेसाठी पाणसळीने रेघ आखा, टेप लावून नखाने दाबा, आणि टेपच्या कडेवरून आधी *जुन्याच* रंगाचा एक पातळ हात द्या. टेपखाली जे झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बुजते. ते वाळल्यावर नवा रंग द्या. शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच टेप ४५ अंशात मागे दुमडून हळू ओढा. पूर्ण वाळू दिला तर टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो.

हेडबोर्ड घरी करता येतो. १२ मिमी प्लाय, त्यावर ५ सेंमी जाड, ३२ घनतेचा फोम, वर पॉलिएस्टरच्या वॅडिंगचा (कापसासारख्या मऊ भरणाचा) एक थर, मग कापड. कापड चारी बाजूंनी १० ते १२ सेंमी जास्त. स्टेपल प्रत्येक कडेच्या मध्यापासून सुरू करून कोपऱ्यांकडे जा, दर ३ ते ४ सेंमीवर एक. कोपऱ्यापासून सुरू केलं तर मधे फुगवटा राहतो. उंची गादीच्या वर ६० ते ७० सेंमी. त्याहून बुटका असेल तर टेकल्यावर पाठीला आधार आणि डोक्याला भिंत मिळते. खालची कड गादीच्या पृष्ठभागाच्या किमान १० सेंमी खाली न्या, म्हणजे उशी फटीत जात नाही. टांगण्यासाठी ४५ अंशात कापलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या वापरा, एक भिंतीवर, एक हेडबोर्डला. वर उचलला की निघतो. कापड काढून धुता येईल अशी खोळ शिवली तर डोक्याच्या तेलाचे डाग ही कायमची कटकट राहणार नाही. बटणांची खोलगट नक्षी दिसते छान, पण धूळ धरते.

## ७. साइड टेबल आणि प्लग पॉइंट

टेबलाचा माथा गादीच्या बरोबरीत किंवा ५ सेंमीपर्यंत खाली. वर असेल तर अंधारात हात आधी कडेला आपटतो, मग पाण्याच्या भांड्याला. रुंदी ४० ते ५० सेंमी. पलंग आणि टेबल यांच्यात ५ सेंमी सोडा, चादर खोचायला बोटं जायला हवीत.

प्लग पॉइंट टेबलाच्या माथ्याच्या वर १५ ते २० सेंमीवर, समोर दिसेल असा. टेबलाच्या मागे लपवलेला प्लग दिसत नाही हे खरं, पण रोज रात्री वाकून शोधावा लागतो. वायरी लपवायला टेबलाच्या मागच्या फळीला ६० मिमीचं भोक पाडून झाकणाची रिंग बसवा. चार्जर खणात ठेवायचा मोह आवरा. बंद खणात कापडावर तापणारा फोन नको. खणात फेल्टचा तुकडा अंथरला की चष्मा आणि किल्ल्या टाकताना खडखड होत नाही.

जागाच नसेल तर भिंतीवर २५ सेंमी खोल फळी पुरते, पुढच्या कडेला १ सेंमीची उठलेली पट्टी लावून.

## ८. पायाखाली

गालिचा पलंगापेक्षा लहान घेतला की तो पलंगाखाली हरवतो. बाजूंना किमान ४५ ते ५० सेंमी दिसला पाहिजे, कारण उतरल्यावर दोन्ही पावलं त्यावर पडली पाहिजेत. पूर्ण पलंगाखाली न्यायची गरज नाही. साइड टेबलं संपल्यावर सुरू करा. १५० × २०० सेंमीच्या पलंगाला २०० × २५० चा गालिचा आडवा टाकला तर बेतशीर बसतो. त्यापेक्षा स्वस्तात ६० ते ७० सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना. खाली न घसरणारी जाळी हवीच, गालिच्यापेक्षा सगळीकडून २ ते ३ सेंमी लहान कापलेली. आणि दार उघडताना घासतं का, ते विकत घेण्याआधी बघा.

## ९. अंथरूण

चादरीचं माप: गादी १५० × २००, जाडी २० सेंमी असेल तर दोन्ही बाजूंच्या जाड्या आणि दोन्हीकडे २० सेंमी खोचण मिळून २३० × २८०. याहून लहान चादर सकाळपर्यंत निघून येते. इलॅस्टिकची असेल तर कोपऱ्याची खोली गादीच्या जाडीपेक्षा ५ सेंमी जास्त हवी.

धाग्यांच्या आकड्याला भुलू नका. २०० ते ४०० मध्ये चांगलं सुती कापड मिळतं. त्यापुढचे मोठे आकडे बहुधा दुहेरी-तिहेरी पिळाचे धागे वेगवेगळे मोजून आलेले असतात. विणीकडे बघा. परकेल म्हणजे साधी एकावर-एक वीण, कडक, थंड, धुतल्यावर सुरकुत्या पडणारी. सटीन मऊ आणि तुकतुकीत, थोडी उबदार, पण वर सुटे राहणारे धागे लवकर अडकतात. उकाडा होत असेल तर परकेल.

कुशनच्या आतली उशी खोळीपेक्षा ५ सेंमी मोठी घ्या, तरच कोपरे भरतात. संख्या मात्र आवरा. सहा कुशन रोज रात्री जमिनीवर जाणार असतील तर दोन पुरेत. रंग दोन-तीनच ठेवून पोत बदला: गुळगुळीत चादर, जाडसर विणीची पायथ्याची घडी, खडबडीत लिननचा अभ्रा.

## १०. चित्र आणि आरसा

पलंगावरच्या चित्राची खालची कड हेडबोर्डच्या १५ ते २० सेंमी वर आणि रुंदी हेडबोर्डच्या दोन-तृतीयांश. डोक्यावर काच टांगू नका, ॲक्रिलिक लावून घ्या, आणि एका खिळ्याऐवजी दोन हूक वापरा. चित्र तिरकंही होत नाही.

खरं तर पलंगावरचं चित्र तुम्हाला स्वतःला दिसतच नाही. दिसतं ते समोरच्या भिंतीवरचं, त्यामुळे आवडतं चित्र तिकडे लावा. उभ्याने बघायच्या चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंमीवर घेतात, इथे १३० ते १३५ वर घ्या. वर्तमानपत्र चित्राच्या मापाने कापून आधी चिकटवा आणि उशीवरून बघा. आरसाही तसाच: रात्री हातात धरून जागा ठरवा. खिडकी दिसली तर उत्तम, उशाचा दिवा दिसला तर जागा बदला.

## ११. हाताला आणि कानाला

कपाटाच्या मुठी बदलणं हे सर्वात कमी खटपटीचं काम. जुन्या मुठीच्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ९६, १२८ किंवा १६० मिमी ही नेहमीची मापं. तेच अंतर घेतलं तर नवी भोकं पाडावी लागत नाहीत. १८ मिमी दाराला ४ मिमी जाडीचे, २२ ते २५ मिमी लांब स्क्रू बसतात. घेण्याआधी मुठीच्या मागच्या बाजूने बोट फिरवा, कच्ची कड तिथेच असते. टोकं बाहेर निघालेली मूठ अरुंद वाटेत बाही पकडते.

आवाजांचा बंदोबस्त एका दुपारचा आहे. खण आणि कपाटाच्या दारांना रबरी ठिपके, पलंगाच्या पायांना फेल्ट. पलंग करकरत असेल तर आधी बोल्ट आवळा, नवा पलंग काही आठवड्यांनी पुन्हा आवळावा लागतो. तरी राहिला तर लाकूड लाकडाला घासतंय तिथे मेण चोळा किंवा फेल्टची पट्टी घाला. दाराच्या चौकटीला पातळ फोमची पट्टी लावली की आपटण्याचा आवाज आणि बाहेरचा उजेड दोन्ही कमी होतात. मात्र खोलीत हवा दाराखालूनच येत असेल तर खालची फट बुजवू नका. यंत्रांवरचे ठिपके-दिवे काळ्या टेपने झाका, रिमोटचा सेन्सर तेवढा सोडून. टिकटिक करणारं घड्याळ दुसऱ्या खोलीत.

## १२. भाड्याचं घर असेल तर

भिंत न फोडता यातलं बरंच जमतं. भिंतीवरच्या दिव्याऐवजी हेडबोर्डला चिमट्याने लावायचा किंवा प्लगवर चालणारा, वायरवरच स्विच असलेला दिवा. टू-वेऐवजी रिमोटचा बल्ब, रिमोट साइड टेबलच्या कडेला चिकटवून. टांगायच्या हेडबोर्डऐवजी पलंगाच्या चौकटीलाच मागून बोल्टने जोडलेला. मुठी बदलल्या तर जुन्या, स्क्रूंसकट, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा.

चित्रांसाठी ओढून काढता येणाऱ्या चिकट पट्ट्या चालतात, पण त्यांच्या अटी पाळा: नव्या रंगावर किमान आठवडाभर लावू नका, भिंत आधी स्पिरिटने पुसा, ३० सेकंद दाबा आणि वजन तासाभराने द्या. चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर त्या टिकत नाहीत, आणि पलंगाच्या वर तर त्यांच्या भरवशावर काहीही टांगू नका. काढताना पट्टीचं शेपूट भिंतीला लागूनच सरळ खाली हळूहळू ओढायचं. स्वतःकडे ओढलंत तर रंगाचा तुकडा हातात येतो.